चारचा वर्ग का बंद पडला

बाई,

काल तुमच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या सभेत, मी दहा मिनिटं बोललो. बोललो ते सगळं खरं होतं. तुमची शिस्त, तुमचं विज्ञान शिकवणं, भद्रावतीकडच्या असूनही बदलीसाठी एकही अर्ज न करता सिरोंच्यात काढलेली सगळी नोकरी. लोक माना डोलावत होते. मग दारात चपला घालताना एका शिक्षकानं सहज विचारलं, "डॉक्टरसाहेब, बाईंनी तो मुलींचा चारचा वर्ग काऊन बंद केला होता? एवढा मस्त चालून राह्यला होता." मी म्हणालो, "वय झालं होतं त्यांचं." आणि कुणाच्या नजरेला नजर न देता घरी आलो.

वय झालं नव्हतं, बाई. एकसष्ट म्हणजे काय वय आहे? तुम्ही तेव्हा विहिरीवरून दोन बादल्या एका दमात आणत होतात. 'वय झालं' हे वाक्य मी तुमच्या तोंडावरही एकदा बोललो होतो, पण तेव्हा निदान मला ते खरं वाटत होतं. काल मला सगळं माहीत होतं, तरी बोललो. म्हणून आज लिहायला बसलोय. शुद्धलेखनाच्या चुका काढायला तुम्ही नाही, याची सवय व्हायला अजून वेळ लागेल.

माझ्या घरी तेलुगू. पाचवीत तुमच्या वर्गात आलो तेव्हा मला मराठीत 'हो' आणि 'नाही' एवढंच येत होतं, आणि तेही चुकीच्या जागी. तुम्ही मला मराठी शिकवलीत, मग विज्ञान, मग हट्टानं नागपूरला डॉक्टरकीला पाठवलंत. मी परत आलो आणि तिसऱ्याच महिन्यात तुमच्या लघवीत साखर निघाली. सगळ्या गावाला तुम्ही सांगत सुटलात, जणू बक्षीस लागलंय: "माहा डॉक्टर माहाच विद्यार्थी हाय. मले आता कायची भीती?"

भीती वाटायला हवी होती, बाई.

आपली भांडणं मात्र झकास असायची. सकाळी सातला तुम्ही स्वतः काचेची सिरिंज उकळून मांडीत इंजेक्शन घ्यायच्या, आणि माझा दवाखाना उघडायच्या आधी मी तुमच्याकडे चहाला यायचो. रोज काहीतरी निघायचं. तुमच्या भाच्यानं नागपूरहून कुठल्याशा विज्ञान मासिकाची कात्रणं पाठवली होती. उंदराच्या मेंदूतही इन्सुलिन धरून ठेवणाऱ्या जागा सापडल्या आहेत, असं त्यात होतं. तुम्ही ते कात्रण माझ्यापुढे आपटलंत.

"मेंदू इन्सुलिनला विचारत नाही, बाई," मी म्हणालो. "बाकीच्या शरीराला साखर आत घ्यायला इन्सुलिनची परवानगी लागते. मेंदू रक्तातून थेट उचलतो. पुस्तकात आहे."

"पुस्तक कोणत्या सालचं?"

मी चहा ओतून घेतला. तुम्ही खूश.

"मल्लू, ह्या जागा म्हंजे मेंदूचे कानच. जिथी कान हायेत तिथी कोणी तरी ऐकत असनच ना?"

"कान असले म्हणजे ऐकतंच असं नाही. तुमच्या वर्गात आम्ही सगळे कान घेऊनच बसत होतो."

तुम्ही इतक्या हसलात की चहा सांडला. पण मुद्दा सोडला नाहीत. पाटीवर आकृती काढून मला समजावलंत, मला, डॉक्टरला. तुमच्या रोगात काय होतं? इन्सुलिन हाक मारतं आणि पेशी ऐकेनाशा होतात. वय वाढतं तशा जास्तच बहिऱ्या होतात. मग मेंदूलाही असेच कान असतील, तर म्हाताऱ्या माणसाचं विसरणं हाही त्यातलाच बहिरेपणा नसेल कशावरून? मी म्हणालो, "बाई, कात्रणावरून रोगाचं निदान करायचं नसतं." तुम्ही म्हणालात, "आणि पुस्तकावरून माणसाचं." तो वाद तिथेच राहिला. आपण तो पुढे अनेकदा उकरून काढला, पण निकाल कधी लागला नाही.

मग त्र्याऐंशीचा उन्हाळा आला.

सिरोंच्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. गडचिरोली जिल्हा नवा झाला होता, पण रस्ता जुनाच होता आणि वीज नावापुरती. तुम्ही इन्सुलिनची बाटली मोठ्या मडक्यात ओली रेती भरून त्यात छोट्या मडक्यात ठेवायच्या आणि दिवसातून तीनदा रेतीवर पाणी शिंपडायच्या. त्यात तुमची काही चूक नव्हती. तरी त्या महिन्यात तुमची साखर चढत गेली. परीक्षानळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. तुम्ही स्वतः उकळायच्या. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी म्हणजे वाढत गेलेली. विटकरी लाल झालं की सगळ्यात वाईट. मे महिनाभर विटकरीच येत होतं.

"बाई, आंबा खाल्लात."

"नाई खाल्ला."

"मग गूळ. कुठल्या लग्नात जेवलात?"

"मल्लू, मी तुले खोटं बोलन का?"

मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. मी चिडलो. सुमनलाही झापलं. बिचारी तुमच्या बहिणीची मुलगी, तुमच्याकडे राहायला येऊन वर्ष झालं नव्हतं. तिला सांगितलं की या घरात साखरेचा डबा दिसला तर मी पाऊल ठेवणार नाही. माझा आवाज चढला की कसा होतो हे तुम्ही शाळेपासून ऐकत आलात. सुमननं पहिल्यांदाच ऐकला. आणि मी डोस वाढवत नेला. वीस युनिटचे चोवीस, मग तीस, मग छत्तीस.

खरी गोष्ट अशी होती. इन्सुलिन चंद्रपूरहून बसनं यायचं. दिवसभराचा प्रवास, आलापल्लीच्या जंगलातून. औषध महागाचं, मिळायला कठीण, म्हणून ते हरवू नये याची मला फार काळजी. ड्रायव्हरला मी स्वतः बजावून ठेवलं होतं: मागे टाकू नका, तुमच्याजवळ ठेवा, डोळ्यासमोर. त्या भल्या माणसानं ते अगदी इमानानं डोळ्यासमोर ठेवलं. त्याच्या बाजूला इंजिनवर जी पेटी असते, तिच्यावर. दिवसभर ते औषध त्या तापलेल्या पत्र्यावर भाजत यायचं आणि मग तुमच्या गार रेतीत जाऊन बसायचं. त्यात निम्माही जोर उरत नसेल. तुम्ही आंबा खाल्ला नव्हता, बाई.

जूनच्या शेवटी, पुरानं रस्ते बंद व्हायच्या आत, मी स्वतः चंद्रपूरला गेलो आणि चार महिन्यांचा साठा बर्फाच्या थर्मासमधून घेऊन आलो. ताजा, पुऱ्या जोराचा. आणि तुम्हाला तेच छत्तीस युनिट चालू ठेवले.

दुसऱ्याच दिवशी नळी निळी. तिसऱ्या दिवशी निळी. आठवडाभर आकाशासारखी निळी. मी तुमच्या पाठीवर थाप मारली, इतका आगाऊपणा मी आयुष्यात कधी केला नव्हता. म्हणालो, "बाई, पहिल्या नंबरात पास." तुम्ही सुमनकडून डाळीचा वडा मागवून मला खाऊ घातलात. साखर नाही एवढंच ती नळी सांगते. साखर किती खाली गेली आहे, ते तिला कळत नाही. हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण निळा रंग दिसला की मी पुढचा विचार करायचा सोडून देत होतो.

आणि मग तो दिवस. मी तिथे नव्हतो. सुमननं आणि मुलींनी सांगितलं ते असं. निवृत्तीनंतर तुम्ही घरी घ्यायच्या तो दुपारी चारचा वर्ग भरला होता. त्या वर्षी दहावीला बसणाऱ्या सहा मुली, त्यात राजक्का सगळ्यात पुढे. बाप गोदावरीत जाळं टाकणारा, घरातली पहिली दहावीपर्यंत पोचलेली. तुम्ही तिला नर्स करायचं ठरवलं होतं, तिला न विचारताच. साडेपाचच्या सुमारास तुम्ही शिकवता शिकवता थांबलात. कपाळावर घाम. मग तुम्ही राजक्काला विचारलंत, "तू कोण? माह्या घरात काऊन घुसली?" मुली हसल्या, त्यांना वाटलं बाई गंमत करतायत. राजक्का उठून तुम्हाला धरायला आली, आणि तुम्ही लाकडी फूटपट्टी तिच्या तोंडावर मारलीत. एकदा नाही, तीनदा. "चोट्टी," म्हणत होतात. तुमच्या तोंडात हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता.

राजक्काच्या भुवईवर मीच दोन टाके घातले. ती रडली नाही. तिला घरी पाठवून मी तुमच्याकडे धावत आलो, तोवर तास उलटला होता. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, अगदी शांत, अगदी शुद्धीवर. काय झालं हे तुम्हाला मुलींनी सांगितलं होतं. तुम्हाला काहीच आठवत नव्हतं.

"मल्लू, खरं सांग. माहं डोकं गेलं का?"

तुमच्या डोळ्यांत इतकी भीती होती की मी खाली बघितलं. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, हातपाय हलवून पाहिले. नळी उकळली; निळी. साखर ताब्यात आहे, म्हणजे साखरेचं काही नाही. मी म्हणालो, "वय झालं की मेंदूच्या एखाद्या बारीक नसेत असं होतं कधी कधी. विश्रांती घ्या."

तुम्ही म्हणालात, "ज्या हातावर माहा भरोसा नाई, तो हात लेकरांवर कायले उगारू?" आणि चारचा वर्ग त्याच दिवशी बंद झाला. मी तुम्हाला अडवलं नाही.

पाच मुली कशाबशा आपापला अभ्यास करून परीक्षेला बसल्या. राजक्का बसली नाही. बापानं तिचं लग्न नदीपलीकडच्या मुलाशी ठरवलं, आणि तुम्ही तिच्या घरी जाऊन भांडायला हवं होतं, पण तुम्ही गेला नाहीत. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणालात. तुमचं हे वाक्य माझ्या छातीत अजून आहे.

तुमचे झटके पुढे तीनदा आले. दर वेळी मी पोचेपर्यंत तुम्ही ठीक. मला आश्चर्य वाटायचं, आणि थोडा अभिमानही, की माझ्या औषधानं बाई लवकर सावरतात. नोव्हेंबरात एका संध्याकाळी सुमन दवाखान्यात आली आणि दाराशीच उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, रागावणार नसान तर सांगतो."

"बोल."

"मावशीले असं झालं की मी साखरेचं पाणी पाजत होतो. पहिल्या दिवशीपासून. दोन मिनटात ताळ्यावर येते. तुमच्या भेवानं सांगतलं नाई."

ती गेली आणि मी खुर्चीत बसून राहिलो. साखर पाजली की माणूस शुद्धीवर येतो, याचा अर्थ पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतो. तिनं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर राजक्काच्या जखमेवरची पट्टी सुटायच्या आत वर्ग पुन्हा भरला असता. तिनं सांगितलं नाही, कारण मी तिला साखरेच्या डब्यावरून झापलं होतं. दोष द्यायला मी दुसरं कुणी शोधू लागलो, पण सगळ्या वाटा माझ्याच दारात येत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तुमचा डोस वीसवर आणला. "थंडी आली, कमी करू," म्हणालो. झटके थांबले. आणि तुम्ही काय म्हणालात आठवतं? "पाहा, वर्ग सोडला न् बरं वाटून राह्यलं. डोक्याले आराम पाहिजेच होता." तुम्ही इतक्या समाधानानं म्हणालात, आणि मी तिथे चहा पीत बसलो होतो, आणि मी मान हलवली.

सांगणार होतो, बाई. पुढच्या आठवड्यात. मग पुढच्या महिन्यात. पुढच्या उन्हाळ्यात बसस्टँडवर ड्रायव्हरनं पुडकं माझ्या हातात दिलं, आणि ते उकडलेल्या अंड्याइतकं गरम लागलं, तेव्हा मे महिन्याचं कोडंही सुटलं. मग तर दोन गुन्हे झाले, आणि सांगणं दुप्पट अवघड झालं. गावात मी एकटा डॉक्टर, लोक काय म्हणतील, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नव्हतं. लोकांची मला फारशी पर्वा कधीच नव्हती. 'माहा डॉक्टर माहाच विद्यार्थी' हे वाक्य तुम्ही पुन्हा उच्चारणार नाही, याची मला भीती होती. मी भित्रा निघालो.

आणि मग दोन वर्षांनी तुम्ही खरंच विसरू लागलात. आधी चष्मा, मग वार, मग भद्रावतीतल्या तुमच्या घराची वाट आठवे आणि विहिरीची आठवेना. या वेळी साखरेचं पाणी पाजून काही होत नव्हतं. मी रात्रंदिवस एकच गोष्ट डोक्यात घोळवत बसलो. पुस्तकाचं खरं असेल, मेंदूला फक्त साखर लागते, तर त्या पावसाळ्यात मी छत्तीस युनिट मारून तुमच्या मेंदूच्या तोंडचा घास रोज काढून घेतला. तुमचं खरं असेल, मेंदू इन्सुलिनचं ऐकतो, तर आधी महिना-दोन महिने मी त्याच्यापर्यंत काही पोचू दिलं नाही आणि नंतर तीन-चार महिने त्याच्या कानात ओरडलो. किंवा हे सगळं काहीच नसेल. तुमच्या नशिबात हेच असेल आणि माझ्या चुकीनं त्यात काडीची भर पडली नसेल. मला ठाऊक नाही. नागपूरच्या माझ्या प्राध्यापकांना पत्र लिहून विचारलं, त्यांनाही ठाऊक नाही. आपला वाद कोणीही जिंको, मी दोन्ही बाजूंनी आरोपी आहे.

तेव्हा कुठे मी सांगायला आलो. पहिल्यांदा सांगितलं ती सकाळ तुमची चांगली होती. सगळं सांगितलं. ड्रायव्हर, छत्तीस युनिट, सुमनचं पाणी, माझं दोन वर्षांचं गप्प बसणं. तुम्ही चष्मा काढून मांडीवर ठेवलात.

"मी आंबा खाल्ला नव्हता."

"नाही, बाई."

"तू मले खोटी म्हणाला."

"हो."

"माहं डोकं ठीक होतं. मी वर्ग घेऊ शकत होती."

"हो."

"निंग इथून."

मी उठलो. त्या रात्री मला बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा नीट झोप लागली. दुसऱ्या दिवशी शिव्या खायच्या तयारीनं तुमच्या दारात आलो, तर तुम्ही हसून म्हणालात, "ये रे मल्लू. चार दिवस कुठी होता?" काहीच उरलं नव्हतं. आणि बाई, माझ्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा. याची लाज मला तुमच्या जाण्याच्या दुःखाइतकीच वाटते.

महिन्यानं पुन्हा सांगितलं. त्या वेळी तुम्ही रागावला नाहीत. खूप वेळ रडलात आणि मग कशासाठी रडतोय ते विसरून गेलात, पण रडणं थांबलं नाही. सुमननं मला बाहेर नेलं आणि म्हणाली, "आता बस करा ना, डॉक्टरसाहेब. तुमचं मन हलकं कराले तिले कितीदा रडवसान?" तिचं बरोबर होतं. मी पुन्हा सांगायचं नाही असं ठरवलं.

पण गेल्या महिन्यात तुम्हीच विचारलंत. अंगणात खाटेवर बसला होतात, मला डॉक्टर म्हणून ओळखत होतात, मल्लू म्हणून नाही. म्हणालात, "काही तरी सांगा ना, बसून काय राह्यले." आणि माझ्या तोंडून तेच निघालं. पण या वेळी मी दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं सांगितलं. एक बाई होती. तिचा एक डॉक्टर होता. तुम्ही फार लक्ष देऊन ऐकलंत, मधेच शिक्षिकेसारखे प्रश्नही विचारलेत. गोष्ट संपली तेव्हा तुमचा चेहरा उतरला होता.

"बिचारी," म्हणालात. "आन् त्या पोरीले कोणी सांगतलं का?"

"कोणत्या पोरीला?"

"जिले मार बसला तिले. तिले वाटत असन ना, आपल्या बाईनं आपल्याले मारलं. बाईनं नाई मारलं म्हणा. जा, सांगून ये तिले."

मी हो म्हणालो. आणि गेलो नाही. पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात.

काल राजक्का कार्यक्रमाला आली होती. नदीपलीकडून, कडेवर मूल घेऊन. भुवईवरची पांढरी रेघ अजून दिसते. ती सगळ्यांत मागे, बाहेरच्या पायरीशी बसली होती आणि बुद्धवंदना संपताच निघून गेली.

आज सकाळी मी नावेनं तिकडे गेलो. ती दारात भांडी घासत होती. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, आमच्या तेलुगूत, कारण मराठीत ते मला तिच्यासमोर बोलवलं नसतं. तिनं शेवटपर्यंत हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. मग विचारलं, "बाईंना हे माहीत होतं?"

"सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तुला सांग."

ती तिथेच ओल्या जमिनीवर बसली. म्हणाली की माहेरी आले की मी बाईंच्या घरावरून जात नव्हते, मागच्या गल्लीनं जायचे. मला वाटायचं, मीच काहीतरी चोरलं असणार. बाई उगीच कुणाला चोर म्हणणार नाहीत. इतकी वर्षं मी आठवून बघतेय, मी काय चोरलं होतं.

बाई, ती तुमच्यावर एक दिवसही रागावली नव्हती. तिनं तुमच्यावर विश्वास ठेवला होता, इतकंच.

सांगून आलो. उशीर झाला, आणि तो माझा आहे.

तुमचा,
मल्लेश